काय कापायचंय?

वीकएण्डला शेतावर चाकू घेऊन बसणाऱ्या ऑफिसवाल्यांची एक जमात आहे. त्यांची, त्यांच्या पात्यांची आणि एका लोहारमामांच्या साध्याशा प्रश्नाची ही गोष्ट.

'शनिवारी खंडाळ्याला चाललेय' असं सांगितलं की समोरून दोनच रिअ‍ॅक्शन येतात. एक, 'येताना चिक्की आण.' दोन, आमिर खानच्या त्या गाण्याची चाल, तीही बेसूर! मंडळी, तो खंडाळा वेगळा. तो बोरघाटातला, मुंबईवाल्यांचा. मी म्हणतेय तो सातारा जिल्ह्यातला, पारगाव-खंडाळा. पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की नीरा ओलांडायची, शिरवळच्या कंपन्या मागे टाकायच्या आणि समोर खंबाटकी घाट उभा राहिला की त्याच्या पायथ्याशी हे गाव. तासा-दीड तासाचा रस्ता. महाबळेश्वर, कोल्हापूर, गोवा करताना आपण सगळे इथून शंभरदा गेलोय. थांबलो मात्र फक्त मिसळीला. सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव नायगाव याच तालुक्यात आहे, हेही कित्येकांना हायवेवरच्या पाटीमुळेच कळतं.

तर या खंडाळ्याजवळ आमच्या ग्रुपमधल्या एकाचं वडिलोपार्जित शेत आहे. थंडी पडली की महिन्यातला एखादा शनिवार आम्ही तिथे जमतो. एक सॉफ्टवेअर टेस्टर, एक सीए, एक डेंटिस्ट, एक एचआरवाली, शेताचे मालक आणि अस्मादिक. अजेंडा काय? हुरडा, वांग्याचं भरीत, गप्पा आणि चाकू. हो, चाकूच! दचकू नका. पुढे वाचा.

सतरंजीवरचा बाजार

आधी बेसिक फंडा क्लिअर करू. ज्याचं पातं मिटत नाही तो फिक्स्ड ब्लेड चाकू. किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेला स्विस नाइफ दुमडतो. तो पेरू कापायला आणि कुरिअरचं पाकीट फोडायला बेस्ट. पण जिथे बिजागरी आली तिथे नाजूकपणा आला. लाकूड फोडायचं, तंबूच्या खुंट्या तासायच्या, चूल पेटवायची तर पातं एकसंध हवं. आणि त्याचं पोलाद मुठीच्या आतून थेट शेवटपर्यंत गेलेलं असेल तर सोन्याहून पिवळं.

रानात कमीत कमी सामानावर नीट राहण्याच्या या विद्येला जगभर बुशक्राफ्ट म्हणतात. कॅनडातले मॉर्स कोचान्स्की हे त्यातले मोठे गुरुजी. २०१९ मध्ये ते गेले, पण १९८० च्या दशकात त्यांनी लिहिलेलं पुस्तक आजही या मंडळींच्या कपाटात असतं. गंमत बघा, एवढा मोठा माणूस, पण त्यांची पसंती कशाला? स्वीडनमधल्या मोरा गावात बनणाऱ्या साध्यासुध्या चाकूला. चारेक इंचांचं पातं, पातळ, हलकं, आणि किंमत दोघांच्या एका बऱ्या डिनरएवढी.

आमच्याकडे शेतावर पोचलं की आधी सतरंजी पसरली जाते. सगळ्यांचे चाकू तिच्यावर ओळीने मांडले जातात. मग नियम असा, की प्रत्येकाने दुसऱ्याचा चाकू वापरायचा. नुसता हातात घेऊन 'वॉव' म्हणायचं नाही. तीन परीक्षा असतात. पहिली, सुबाभळीच्या वाळक्या फांदीची खुंटी करायची. दुसरी, त्याच लाकडाची पिसं काढायची. तिसरी, टोमॅटोची पातळ चकती कापायची.

पिसं काढणं म्हणजे काय ते सांगते. पहाटेच्या दवाने बाहेरची लाकडं ओलसर झालेली असतात, काडीने पेटत नाहीत. पण आतला गाभा कोरडाच असतो. मग चाकू लाकडाच्या टोकावर ठेवायचा, दुसऱ्या दांडक्याने पात्याच्या पाठीवर ठोकायचं आणि लाकूड उभं चिरायचं. आतल्या कोरड्या भागावरून पातं अलगद फिरवत कुरळे काप काढायचे, ते तोडायचे मात्र नाहीत. काठीच्या टोकाला फुलासारखा गुच्छ तयार होतो. एका काडीत पेटतो! पहिल्यांदा जमतं तेव्हा अप्रेझल लेटर मिळाल्यापेक्षा जास्त आनंद होतो, शप्पथ.

आमच्या डेंटिस्टचा चाकू दिसायला सॉलिड. जाड पातं, चकचकीत मूठ, सिनेमातल्या कमांडोकडे असतो तसा. पहिल्या परीक्षेत पास. तिसऱ्या परीक्षेत टोमॅटोची चटणी! पातं इतकं जाड की कापण्याऐवजी चिरडत होतं. सीएच्या साध्या मोराने तिन्ही परीक्षा निवांत काढल्या. त्या दिवशी डेंटिस्ट जरा शांत शांत होता.

आजी बरोबर होती

चाकू एकमेकांना द्यायचा कसा, यावर बुशक्राफ्टवाल्यांचे कडक नियम आहेत. सगळ्यात सेफ नियम म्हणजे हातात द्यायचाच नाही. खाली ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा. हे ऐकलं आणि मला आजी आठवली. 'सुरी-कात्री कुणाच्या हातात देऊ नये गं, भांडण होतं.' लहानपणी वाटायचं, काय ही अंधश्रद्धा! भांडणाचं माहीत नाही, पण टाके नक्की वाचतात.

दुसरा नियम, आपला हात लांब करून स्वतःभोवती गिरकी घ्यायची. कुणालाही हात लागला नाही तरच चाकू म्यानातून बाहेर. तिसरा, मांडीवर ठेवून काही तासायचं नाही. मांडीच्या आतल्या बाजूला मोठी धमनी असते आणि तिथली जखम काही मिनिटांत जिवावर बेतू शकते. कोपरं गुडघ्यावर टेकवून पुढे वाकून बसायचं, म्हणजे पातं निसटलं तरी हवेत जातं. चौथा, काम संपलं की पातं म्यानात. 'दोन मिनिटं ठेवते इथेच' हे वाक्य चालत नाही.

कंबरेचा कोयता

एकदा आम्ही असेच परदेशी ब्रँड्सवर तावातावाने बोलत होतो. शेतमालकाचे काका बांधावर बसून ऐकत होते. ते उठले, कोयता घेतला, बाभळीची वाळकी फांदी चार घावांत तोडली, त्याच कोयत्याच्या टोकाने सालपट काढलं, खुंटी केली आणि निघून गेले. एक अक्षर बोलले नाहीत. आमची चर्चा तिथेच संपली.

खरंच आहे ना! मलेशियाचा पारांग, नेपाळची खुकरी, इंग्रजांचा बिलहुक यांच्यावर आपण व्हिडिओ बघतो. कोयता त्याच खानदानातला. कोकणात कंबरेला मागच्या बाजूला लाकडी आकडी बांधून तिच्यात कोयता अडकवतात. पात्याला जागा मिळते, दोन्ही हात मोकळे राहतात. फॅन्सी भाषेत यालाच बेल्ट कॅरी सिस्टिम म्हणतात, बॉस! फलटण-लोणंद पट्ट्यातले मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरतात तेव्हा लांब काठीला पातं बांधून झाडाचा पाला पाडतात. आपल्या स्वयंपाकघरातली विळी घ्या. तीही फिक्स्ड ब्लेडच. फक्त इथे पातं पायाखाली स्थिर आणि भाजी फिरते. लग्नात नवरदेवाच्या हातात कट्यार असते, तिच्या टोकाला लिंबू. जन्मभर आपण पात्यांमध्येच वावरतो, फक्त लक्ष नसतं.

आणि कोयता म्हणजे केवढी मोठी गोष्ट आहे हे बघायचं असेल तर गळीत हंगामात लोणंद रोडला या. उसाने भरलेल्या गाड्या आणि तोडणी मजुरांच्या खोप्या दिसतील. तोडणीच्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. एकटा माणूस आला तर 'अर्धा कोयता'. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. दोन माणसांच्या सहा महिन्यांच्या घामाला ज्या अवजाराचं नाव मिळालं, ते अवजार साधं कसं असेल?

मामांचा प्रश्न

मग आमच्या टेस्टरच्या डोक्यात किडा शिरला. आपला चाकू आपण इथेच बनवून घ्यायचा. शेतमालकाने रस्त्याकडेच्या एका लोहारमामांची भट्टी दाखवली. टेस्टरने काय करावं? मिलिमीटरमध्ये मापं टाकलेली कलर प्रिंटआउट पुढे केली. मामांनी चष्मा वर करून कागद पाहिला.

'ह्ये चित्र झालं. कापायचंय काय?'

'सगळंच,' टेस्टर म्हणाला.

'सगळं कापणारं पातं नसतंय, पाव्हणं.'

पुढचा अर्धा तास आम्ही गप्प बसून ऐकलं. उसाचं पातं पातळ आणि हलकं पाहिजे, कारण माणूस दिवसभर हात चालवतो. बाभळीला जाड आणि जड, नाहीतर धार पिचते. गवताला विळा, त्याला वाक पाहिजे. नारळाला वजन पुढच्या टोकाला. कुठलं झाड, ओलं की वाळकं, दिवसाला किती, हाताची पकड केवढी, सगळं विचारून झाल्यावर मामा म्हणाले, 'आता सांगा.' बुशक्राफ्टच्या वर्गात पैसे भरून शिकवतात ते हेच!

टेस्टरने शेवटी खरं सांगितलं. वाळक्या काटक्या, खुंट्या आणि टोमॅटो. मामा हसले. कोपऱ्यातून ट्रकच्या कमानीचा जुना पाटा काढला. हे स्प्रिंगचं पोलाद. त्यात कार्बन साधारण अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर असतो, म्हणून ते लवचीक राहतं आणि धारही धरतं. भंगारातला पाटा, भट्टीतला कोळसा, ऐरण, घण आणि सांडशी, एवढ्यावर कारखाना चालतो. घण मारायला मामी. घाव एकही चुकत नाही.

पातं तापवून घडवलं की खरा क्लायमॅक्स असतो पाणी पाजण्याचा. पातं नारिंगी-लाल होईपर्यंत तापवायचं. शाळेतलं सायन्स आठवा, लोखंड साधारण ७७० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्याला लोहचुंबक चिकटत नाही. पोलाद त्याच्याही थोडं वर न्यायचं आणि झटक्यात तेलात किंवा पाण्यात बुडवायचं. पातं कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. म्हणून पुन्हा हलकेच तापवायचं. घासलेल्या पात्यावर आधी गवती पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग निळा. हव्या त्या रंगावर थांबायचं. थर्मामीटर नाही, ॲप नाही. मामांचे डोळे हेच मीटर. आपण मराठीत धारदार माणसाला 'पाणीदार' म्हणतो ना, ते पाणी हेच.

पंधरा दिवसांनी टेस्टरला पाच इंची चाकू मिळाला. प्रिंटआउटसारखा अजिबात दिसत नाही. टोमॅटो मात्र कापतो!

गिऱ्हाईक परत पाठवलं

चाकू न्यायला गेलो तेव्हा मामांनी चहा पाजला आणि एक गोष्ट सांगितली. मध्यंतरी बाइकवर दोन पोरं आली होती. दोन फुटी कोयता पाहिजे म्हणाली. पैसे रोख, वर जास्तीचेही देऊ. मामांनी नेहमीचा प्रश्न टाकला. पोरं एकमेकांकडे बघून हसली. 'नुसता फोटोला.'

'म्हटलं, फोटोला फुलं घ्या,' मामा म्हणाले. गिऱ्हाईक गेलं.

ऐकायला हे फिल्मी वाटेल. पण हिशोब करा. बाजारात मशीनवर छापून काढलेले रेडीमेड कोयते मिळतात. उसात तोडणी यंत्रं येऊ लागलीत. भट्टीवर येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मामांना हवंच आहे. तरी ते विचारतात. आणि उत्तर पटलं नाही तर नाही म्हणतात.

कारण दरम्यान कोयत्याचं नाव बदनाम झालंय. २०२२-२३ पासून पुण्याच्या बातम्यांत 'कोयता गँग' हा शब्द इतका आला की शहरातल्या पोरांना कोयता म्हणजे शेतीचं अवजार हे सांगावं लागतं. २०२३ च्या सुरुवातीला तर कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघायला पोलिसांनी दुकानदारांना सांगितल्याच्या बातम्या होत्या. दहशत पसरवणारे मूठभर. पण त्यामुळे ऊसतोडीची जोडी, नारळवाला आणि भट्टीवरचे मामा या सगळ्यांकडे बघायची नजर बदलते, त्याचं काय?

मलाही एक प्रश्न नेहमी येतो. 'मुलगी असून चाकू? सेफ्टीसाठी का?' मुळीच नाही! अंधाऱ्या पार्किंगमध्ये पर्समधला चाकू आपल्यापेक्षा समोरच्याच्या हातात जाण्याची भीती जास्त. 'काय कापायचंय?' या प्रश्नाचं उत्तर 'माणूस' असेल, मग ते घाबरून का असेना, तर चाकू घेऊच नये. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा ती बघायला रांगा लागल्या. शस्त्राची जागा आता तिथे, काचेच्या आत. सतरंजीवर फक्त अवजार.

कायदाही तेच विचारतो

आता थोडं सिरियस. शस्त्र कायदा १९५९ चा आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. त्यांच्या यादीत तलवारी, खंजीर, भाले यांच्यासोबत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकूही आहेत. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती यातून वगळली आहेत. म्हणजे बघा, कायद्याचाही प्रश्न मामांचाच. हे बनवलंय कशासाठी?

पण ९ इंचांच्या आत म्हणजे सगळं माफ, असं समजू नका. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी ठरावीक दिवसांसाठी शस्त्रबंदीचा आदेश काढू शकतात. सणावाराला, निवडणुकीला हे नेहमी होतं. त्यात चाकू आणि काठ्याही येतात.

आणि ट्रेकर मंडळींनो, हे तर पाठच करा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत चाकू स्पष्ट लिहिलेला आहे. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे मोरा, कोयता, कमांडो चाकू, सगळं घरी ठेवून जायचं. गडांवरसुद्धा जिवंत झाडाला हात लावायचा नाही. खरं सांगायचं तर गडावर काकडी कापण्यापलीकडे चाकूला काम नसतंच. म्हणूनच आम्ही खासगी शेत निवडलंय. मालकाची परवानगी, पडलेली वाळकी लाकडं आणि पाण्याची बादली शेजारी.

पहिला चाकू घेताना

• पातं साडेतीन ते पाच इंच. एवढ्यात नव्वद टक्के कामं होतात.

• जाड पात्याच्या प्रेमात पडू नका. तीन मिलिमीटरच्या आसपास पुष्कळ.

• एकाच बाजूला धार असलेला घ्या. दुधारी पातं हे खंजिराचं लक्षण, कामाचं नाही.

• स्टेनलेस गंजत नाही. कार्बन पोलादाला धार सहज लागते, पण लिंबू कापल्यावर लगेच पुसा. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो.

• धार लावायला शिका. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की तो निसटतो.

• प्रवासात म्यानात, सॅकच्या तळाशी. कंबरेला लटकवून टपरीवर चहा प्यायला जाऊ नका. विमानात केबिन बॅगेत तर नाहीच नाही.

• एकदा तरी लोहाराकडून बनवून घ्या. आधी उत्तर मात्र तयार ठेवा.

नवरात्रातल्या नवव्या दिवशी खंडेनवमी असते. गावाकडे कोयते, विळे, कुऱ्हाडी धुऊन-पुसून हळद-कुंकू लावून मांडले जातात. आपल्या ऑफिसात त्या दिवशी सर्व्हरला झेंडूचा हार आणि लॅपटॉपला कुंकवाचं बोट. फोटो स्टेटसवर, पेढा पोटात, की झालं! या वर्षी एक करून बघा. ज्या अवजाराची आपण पूजा करतोय त्याने वर्षभर काय काम केलं, हे स्वतःला विचारा. घरात पडून असलेला चाकू असेल तर तो बाहेर काढा, धार लावा, आईला कांदा चिरून द्या. हातात देऊ नका हं, खाली ठेवा!